सात पाण्यांची सुंदरी

आतडं उलटं करायला जोर लागत नाही, पाणी लागतं. काकूंनी हातभर लांबीचा तुकडा डाव्या मुठीत धरला, वरचं तोंड अंगठ्याने दोन बोटं बाहेर दुमडलं आणि ती दुमड खिशासारखी उघडी धरून लोट्याने आत पाणी सोडलं. पाण्याच्या वजनाने दुमड खाली सरकत गेली आणि आतली बाजू आपसूक बाहेर आली. हा सगळा प्रकार चार-पाच सेकंदांचा. जिथे अडकलं तिथे छत्रीची जुनी काडी घालून ढकललं. काडी लोखंडाची, टोकाला घासून गोल केलेली. तुराटीची चालत नाही, तिची सल आतड्याला भोक पाडते.

वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीत, घरामागच्या मोरीवर, मी हे बघत बसलो होतो. हिवाळ्याची सकाळ, आंबिया बहाराच्या संत्र्यांचा तोडा चालू असलेले दिवस. नागपूरच्या सावजी भोजनालयांत पाटीवर ‘सुंदरी’ लिहिलेलं असतं ते हेच, बोकडाचं आतडं. तिथे मी ते अनेकदा खाल्लंय. एकदा शेजारच्या टेबलावर तिखट कुठलं जास्त, या घरचं की त्या घरचं, यावर भांडण रंगलं होतं. मी सहज विचारलं, हे साफ कसं करतात? कुणालाच माहीत नव्हतं. वाढणाऱ्याने तर ‘मागे होते साहेब’ एवढंच सांगितलं. ते ‘मागे’ काय असतं ते बघायला मी आलो होतो. आष्टीत ओळखीच्या एका घरी आलू घालून सुंदरीचा रस्सा होतो, असं कळलं, म्हणून इथे.

त्या घरच्या काकू साठीच्या आसपास. एरवी संत्र्याच्या बागेत मजुरी. आदल्या दिवशीच त्यांनी खाटकाला सांगून ठेवलं होतं. दुकानासमोर लोक मांडीचं, छातीचं मटण मागत ओळीने उभे होते. काकूंनी बाजूने जाऊन पिशवी उचलली, मटणाच्या मानाने अगदीच थोडे पैसे मोजले आणि निघाल्या. ती पिशवी गरम होती. ताजं आहे याची खूण तीच.

“सात पाणी लागतेच भाऊ,” त्यांनी बसल्या बसल्या सांगून टाकलं. “सहा नाही. सात.”

पहिल्या पाण्याआधी सोलणं. आतडं पडद्यासारख्या चरबीच्या जाळीला धरून असतं, ती जाळी बोटाने ओढत सुटी करायची, चरबी वेगळी ठेवायची. मग एका टोकाकडून चिमटीत धरून दाबत न्यायचं, म्हणजे आतला हिरवा लगदा दुसऱ्या टोकाने निघतो. आणि इथे तो वास येतो.

त्या वासाबद्दल लिहायचं टाळता येत नाही. मला वाटलं होतं घाण असेल. घाण होतीच, पण तिच्यात ओल्या चाऱ्याचा आणि आंबलेल्या ताकाचा असा काही वास मिसळलेला होता की मी नाक धरलं नाही. काकूंनी लगदा बोटांत चोळून बघितला. “बोरीच्या पाल्यावरचा होता हा.” मला त्यात बोर दिसली नाही, पाला तर नाहीच. पण बकऱ्यांमागे फिरलेल्या बाईशी वाद कोण घालणार? घरी परतल्यावरही तो वास नाकात होता, आणि खरं सांगायचं तर नकोसा वाटत नव्हता.

पहिली दोन पाणी नुसती. लोट्याने, आतड्याच्या आतून. तिसऱ्यापासून उलटी बाजू वर. ती बुळबुळीत असते, आणि खरं काम तिथेच आहे. जाडं मीठ, हळद आणि मूठभर ज्वारीचं पीठ घेऊन काकू तुकडे एकमेकांवर चोळत होत्या, जोर लावून, दोन्ही तळहातांनी. पीठ बुळबुळ धरून घेतं. मग चमच्याची पाठ अंगठ्याखाली धरून खरवडणं. पाण्याला दुधट रंग यायचा, ते ओतायचं, पुन्हा मीठ, पुन्हा पीठ. सात पाणी.

मी मोजत होतो. माझ्या हिशेबाने नऊ झाली. तसं म्हटल्यावर काकू म्हणाल्या, मधली दोन धरायचीच नाहीत, ती हात धुवायची होती.

सूनबाई दारातून म्हणाल्या, गरम पाणी टाकलं की लवकर होईल, यूट्यूबवर तसंच दाखवतात. काकूंनी वर न बघता उत्तर दिलं: “कढत टाकलं का बुळबुळ शिजून चिकटून बसते. वास मंग आतच राह्यते.” कोमट चालतं, कढत नाही. खरंही आहे ते, अंड्याच्या पांढऱ्यासारखंच प्रथिन असतं त्यात, उष्णतेने घट्ट होतं. सून रस्सा खाते, धूत मात्र नाही. हे काकूंनी मला दोनदा सांगितलं, तक्रार नाही म्हणून सांगितलं आणि दोन्ही वेळा ती तक्रारच वाटली.

शेजारचं घर माळकरी, तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेला न चुकता जाणारं. आमच्या बाजूची त्यांची खिडकी बंद होती. वैर नाही, वाटीभर भाजी इकडून तिकडे जाते, फक्त या दिवशी नाही. आष्टीच्या नावामागे ‘शहीद’ लागतं ते 16 ऑगस्ट 1942 च्या इंग्रजांविरुद्धच्या उठावामुळे, आणि त्या उठावाच्या आधी या टापूत त्याच तुकडोजी महाराजांची भजनं गावोगाव घुमत होती. याच जिल्ह्यात सेवाग्रामला गांधीजी 1936 पासून उकडलेल्या बिनमसाल्याच्या भाज्या खात राहिले. वर्धा म्हटलं की बाहेरच्या माणसाला तेच स्वयंपाकघर आठवतं. मोरीवरचं हे दुसरं स्वयंपाकघर कुठल्याच पाटीवर नाही.

धुवून झालेलं आतडं पांढरं, जवळजवळ पारदर्शक दिसतं. उजेडात धरलं तर बोट दिसतं पलीकडचं. युरोपात अशाच कातडीत खिमा भरून सॉसेज करतात. गोव्यात डुकराचं मांस, मिरची आणि व्हिनेगर भरून चोरीस करतात, वाळवतात, आणि कांदा-बटाट्याबरोबर शिजवतात. आमच्याकडे भरत काहीच नाहीत. व्हिनेगर घालून टिकवायची रीत विदर्भात नाही, त्यामुळे आजचं आजच संपवायचं. पण या कातडीची ताकद इथल्या लोकांना ठाऊक नव्हती असं नाही. कापसाचा मुलूख हा. पिंजाऱ्याच्या धनुकलीवर जी तात ताणलेली असायची ती आतड्याचीच. दवाखान्यात टाके घालायचा कॅटगटचा धागाही मेंढी-बकरीच्या नाहीतर गाईच्या आतड्याचा. इतकी चिवट वस्तू मऊ करून जेवायला वाढायची, हे काम मिरचीचं नाही.

मग वेणी. तीन तुकडे एकत्र धरून काकूंनी सरळ वेणी घातली, मुलीला घालतात तशीच, आणि ती विळीवर दोन-दोन बोटांवर कापली. सुटं शिजवलं तर आकसून रबराचा गोळा होतो. वेणीत रस्सा मुरतो. हळद-मिठाच्या पाण्यात एक उकळी आणून ते पाणी फेकलं. हे सातांत धरायचं का, मी विचारलं नाही.

पुढचं भराभर झालं. कुकरला शिट्ट्या, पाट्यावर मसाला. धने, सुकं खोबरं, दगडफूल, मोठी वेलची, लवंग, मिरे, भाजलेली ज्वारी, भिवापुरी मिरची. सावजी म्हणजे मुळात नागपूरकडच्या हलबा कोष्ट्यांचा, विणकरांचा स्वयंपाक. त्यात दाटपणाला खसखस पडते. काकूंच्या पाट्यावर खसखस नव्हती. “परवडते का?” त्याऐवजी आलू. सालासकट, मोठ्या फोडी, आणि सुंदरी शिजल्यावरच टाकायचे, आधी नाही, नाहीतर ते विरघळून जातात आणि ही तशीच चिवट. पाच-सहा फोडी मात्र त्या मुद्दाम जास्त शिजवतात आणि पळीने पातेल्याच्या कडेला दाबून मोडतात. रस्सा तेवढ्याने दाटसर होतो. आतड्याचा चिकटपणाही तोवर रश्श्यात उतरलेला असतो, त्यामुळे तो ओठांना चिकटतो. आठ माणसांचं त्या एका पिशवीत भागलं, ते आलूंमुळे.

मसाला तेलात पडला तेव्हा घरभर खकाणा उठला, आणि त्या क्षणी मला जरा वाईटच वाटलं. सकाळचा तो वास आता शोधूनही सापडला नसता. सात पाण्यांनी तो आधीच घालवलेला होता. मसाल्याला मारायला काही उरलंच नव्हतं. पण खाणारा म्हणणार, मसाला काय जबरदस्त आहे.

काकूंना हे माहीत आहे. महामार्गावरच्या एका ढाब्यासाठी त्या काही दिवस सुंदरी धुवून द्यायच्या. बोकडामागे ठरलेले पैसे. मालक म्हणाला, तीन पाण्यांत सोडा, वेळ जातो. त्यांनी काम सोडलं. “आता कोण धुतं तिथे?” मी विचारलं. “मले काय मालूम. पन तिखट वाढवलं म्हन्ते त्यानं.”

दुपारी पंगत बसली. ज्वारीची भाकर, कच्चा कांदा, लिंबू, वर कापलेला सांभार, म्हणजे कोथिंबीर. नातवाने फक्त आलू निवडून खाल्ले आणि आजी ओरडली नाही. काकांनी माझ्या वाटीत लाल तर्री ओतली, नको म्हणत असताना ओतली, कारण पाहुण्याला फिकं वाढलं तर घराची काय इज्जत राहते? सुंदरी दाताखाली आधी थोडी अडते, मग सुटते. कुठेही उग्रपणा नाही. मी काकूंना म्हटलं, तर्रीशिवाय चव जास्त कळली असती.

त्या शेवटी जेवायला बसल्या तेव्हा पातेल्यात आलू उरले नव्हते. वेणीचे काही तुकडे होते, ते त्यांनी भाकरीवर घेतले. काका तर्रीचं भांडं पुढे करत होते. काकूंनी हाताने बाजूला सारलं.

“राहू द्या. कसं धुतलं ते समजलं पायजे ना मले!”