‘ध्यासपर्व’मधले कर्वे कोणते?

‘ध्यासपर्व’चं नाव काढलं की मारेगावात काय किंवा पुण्यात काय, पहिला प्रश्न ठरलेला: “महर्षी कर्व्यांवरचा ना?” नाही. विधवांच्या शिक्षणासाठी झिजलेले, १९५८ साली भारतरत्न मिळालेले धोंडो केशव हे वडील. अमोल पालेकरांचा २००१चा हा चित्रपट त्यांच्या थोरल्या मुलावर, रघुनाथरावांवर आहे. किशोर कदम त्यात र. धों. झालेत आणि सीमा बिस्वास त्यांच्या पत्नी मालतीबाई.

र. धों. डॉक्टर होते, हाही असाच एक समज. ते गणिताचे प्राध्यापक. संततिनियमनावर उघड बोलू-लिहू लागले म्हणून मुंबईच्या विल्सन कॉलेजातली नोकरी सोडावी लागली. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र उघडलं, त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंनी.

काही जण त्यांना ‘भारताचा किन्सी’ म्हणतात. ते अर्धंच खरं. अमेरिकेच्या आल्फ्रेड किन्सीवर २००४ साली चित्रपट आला. किन्सी मूळचा कीटकांचा अभ्यासक; हजारो माणसांच्या मुलाखती घेऊन लोक लैंगिक जीवनात प्रत्यक्षात काय करतात हे त्याने मोजलं. कर्व्यांनी असं सर्वेक्षण केलं नाही. त्यांच्याकडे होती ‘समाजस्वास्थ्य’ या त्यांच्या मासिकाच्या वाचकांची पत्रं. आणि किन्सीचा पहिला अहवाल १९४८चा, तर कर्व्यांचं ‘समाजस्वास्थ्य’ जुलै १९२७ पासूनचं.

या मासिकावर अश्लीलतेचा शिक्का बसला तो आजही पुरता पुसलेला नाही. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचित्रं असत, हे खरंच. पण १९३४चा खटला झाला तो चित्रांवरून नव्हे. हस्तमैथुन, समलिंगी संबंध यांबद्दल वाचकांनी विचारलं, कर्व्यांनी सरळ उत्तरं छापली; गुन्हा काय तो एवढाच. त्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लोक खरोखर विचारतात त्याला उत्तर देणं अश्लील कसं, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा. खटला हरले, २०० रुपये दंड झाला. मासिक मात्र कर्वे गेले त्या १९५३ सालापर्यंत चाललं.

ते प्रश्न काही संपलेले नाहीत. आठवडी बाजारात तंबूवाला वैदू बसतो. पुढ्यात बरण्या, वाळलेल्या मुळ्या, सांड्याचं तेल. रक्ताच्या चाळीस थेंबांतून वीर्याचा एक थेंब तयार होतो, असं सांगून तो ‘ताकदीची’ पुडी विकतो. रक्ताचा यात हिशोबच नाही. वीर्याचा बहुतांश भाग म्हणजे शुक्राशय आणि प्रोस्टेट या ग्रंथींचा स्राव. शुक्रजंतू वृषणांत सतत तयार होत असतात. हस्तमैथुनाने कमजोरी येत नाही.

तसंच दुसरं: “नसबंदी केली का गडी कामातून जाते.” बिनटाक्याच्या शस्त्रक्रियेत फक्त शुक्रवाहिनी बंद करतात. हार्मोन तेच, इच्छा तीच, वखरणी-फवारणीची ताकदही तीच. पहिले तीन महिने मात्र निरोध वापरावाच लागतो. हे सांगायचं राहतं आणि मग बिचाऱ्या शस्त्रक्रियेवर खापर फुटतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत विवाहित जोडप्यांत बाईने नसबंदी करून घेतल्याचं प्रमाण ३७.९ टक्के, पुरुषाने ०.३ टक्के. सोपं ऑपरेशन पुरुषाचं, टेबलावर बाई.

आता सगळ्यांत पक्का गैरसमज. ‘ध्यासपर्व’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो कुटुंबकल्याण विभागात. त्यामुळे हा ‘लोकसंख्येचा सिनेमा’ आणि कर्वे कुटुंबनियोजनाच्या सरकारी लाल त्रिकोणाचे पूर्वज, असं लोक धरून चालतात. कर्व्यांचं म्हणणं त्याहून अवघड होतं. संततिनियमनाच्या अमेरिकन पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर डिसेंबर १९३५ मध्ये वर्ध्यात गांधीजींना भेटल्या. गर्भनिरोधक साधनं गांधीजींना मान्य नव्हती, संयम हवा होता. कर्वे दुसऱ्या टोकाला: मूल नको असतानाही शरीरसुख हवं असणं यात पाप नाही, आणि ते सुख बाईच्याही हक्काचं. १९५२ साली सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम सुरू केला, त्यातून बाईचं सुख बाहेरच राहिलं.

हक्काचं निघालंच आहे तर एक सांगायला हवं. गर्भपात असो वा नसबंदी, नवऱ्याची सही लागतेच असं बायका धरून चालतात, कधी दवाखान्यातही तसंच सांगतात. तसं नाही. कायद्याने मान्य मुदतीतल्या आणि कारणांसाठीच्या गर्भपाताला सज्ञान बाईची स्वतःची लेखी संमती पुरते. नसबंदीच्या सरकारी नियमांतही जोडीदाराची संमती सक्तीची नाही.