जुन्या जीपगाडीचें ढिलें स्टेअरिंग

शेतकऱ्याच्या घरची जीपगाडी खतबियाणें आणते, माल बाजारांत नेते आणि प्रसंगीं अपरात्रीं आजाऱ्यास दवाखान्यांत पोंचविते. मुंबईस प्रथम विलीज जीपगाड्या जुळविण्यास प्रारंभ झाला. पुढें महिंद्र आणि महिंद्र कंपनीनें सीजे-३बी नमुन्याच्या गाड्या येथेंच बनविल्या. त्यांपैकीं कित्येक अद्यापि धांवत आहेत. त्यांचें यंत्र दणकट खरें. परंतु वयोमानानें जडणाऱ्या एका दोषाची हयगय केल्यास ती जिवावर बेतते. तो दोष म्हणजे स्टेअरिंगचा प्ले.

याचीं लक्षणें उघड आहेत. स्टेअरिंगचें चाक फिरविलें तरी गाडी क्षणभर आपलीच वाट धरून चालते. सरळ रस्त्यावरही तिला सारखें सांवरावें लागतें. उसाच्या हंगामांत अरुंद रस्त्यावर समोरून भरलेली ट्रॉली आली असतां गाडी वेळीच हातभर बाजूस घेतां आली नाहीं, तर काय होईल तें सांगणें नको. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील ९८ व्या नियमाप्रमाणें स्टेअरिंगच्या चाकावर ३० अंशांहून अधिक प्ले असतां कामा नये. घड्याळाचा कांटा बारावरून एकावर येतो, तितकें हें अंतर होय. परंतु ही कायद्याची शेवटची मर्यादा आहे, निर्धास्तपणाची खूण नव्हे.

अशी गाडी दुरुस्तीस नेली म्हणजे पुष्कळ मिस्त्री प्रथम स्टेअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळून मोकळे होतात. ही रीत आम्हांस मान्य नाहीं. बांधाचा तंटा आला असतां कोणता दगड सरकला हें आधीं पाहावें लागतें. सारेच दगड उपटून पुन्हा पुरणें याला मोजणी म्हणत नाहींत. येथेंही तोच न्याय लावावा.

प्रथम दोन्ही टायरांतील हवा सारखी करावी. नंतर गाडी सपाट जागेवर, चाकें सरळ ठेवून व इंजिन बंद करून उभी करावी. एकानें स्टेअरिंगचें चाक थोडें थोडें दोन्ही बाजूंस हलवावें व दुसऱ्यानें खालीं एकेका सांध्यावर हात ठेवून पाहावें. जेथें एक भाग हलतो, पण त्यास जोडलेला दुसरा भाग मागाहून हलतो, तेथेंच प्ले आहे असें समजावें.

हात पुढील क्रमानें फिरवावा. बॉक्स चौकटीस ज्या बोल्टांनीं धरलेला असतो, ते ढिले असल्यास सारा बॉक्सच हलतो. तेथें आवळण्यापलीकडे खर्च नाहीं. ड्रॅग लिंकच्या दोन्ही टोंकांत गोळा, त्याची बैठक व स्प्रिंग असते. भाग झिजले असल्यास बदलावे. टोंकाची गुंडी घट्ट बसवून किंचित उलट फिरवावी आणि स्प्लिट पिन घालण्यास विसरूं नये. ही पिन गळाली व लिंक सुटली, तर चाकें मुळींच आज्ञा पाळणार नाहींत. पुढें बेलक्रँक लागतो. त्यास ग्रीस न मिळाल्यास त्याची पिन व बेअरिंग झिजतात. जुन्या जीपगाड्यांत बराच प्ले येथेंच सांपडतो. शेवटीं टाय रॉडचीं टोंकें पाहावींत. तीं ढिलीं असल्यास नवींच घालावींत आणि चाकांची अलाइनमेंट करून घ्यावी.

यानंतर पुढचें चाक जॅकवर उचलावें, परंतु ॲक्सलखालीं भक्कम आधार दिल्यावांचून गाडीखालीं शिरूं नये. चाक वर व खालीं धरून हलवावें. हलल्यास दुसऱ्यास ब्रेक दाबावयास सांगावें. हलणें थांबलें तर चाकाचें बेअरिंग ढिलें; न थांबलें तर दोष किंग पिनचा.

हें सर्व निर्दोष ठरल्यावरच बॉक्सकडे वळावें. त्यांत फिरणाऱ्या कॅमच्या खांचेंत लिव्हरच्या दोन खुंट्या चालतात. चाकें सरळ असतां ही खांच मुद्दाम अधिक घट्ट ठेवलेली असते, कारण गाडी बहुतेक काळ सरळच चालते. म्हणून ड्रॅग लिंक सोडवून, स्टेअरिंग बरोबर मध्यावर ठेवूनच स्क्रू फिरवावा. मध्यावर हातास किंचित ओढ लागली म्हणजे पुरे. वळलेल्या स्थितींत स्क्रू आवळला, तर मध्यावर येतांच स्टेअरिंग अडकतें, आणि अडकणारें स्टेअरिंग ढिल्याहूनही घातक होय. लॉक नट बसविल्यावर एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत फिरवून पाहावें. मध्यावर तरीही प्ले राहिला, तर आंतील भाग झिजले असें समजून ते बदलावे.

एक गोष्ट निक्षून सांगावीशी वाटते. स्टेअरिंगचा दांडा किंवा आर्म तडकल्यास गांवांतील वेल्डिंगवर त्यास सांधूं नये, नवाच घालावा. नांगराचा सांधा तुटला तर एक तास वायां जाईल. हा सांधा तुटला तर गाडींत बसलेलीं माणसें जातील. पेरणीपूर्वीं व सुगीनंतर, असें वर्षांतून दोन वेळां सांध्यांस ग्रीस द्यावें व वरील तपासणी करावी. चिखलापाण्यांतून गाडी नेली असल्यास ग्रीस लगेच द्यावें. या कामास दोन माणसें व एक सकाळ पुरते.