स्केटबोर्डची चाके: आधी जमीन पाहावी

वाढदिवसाची भेट म्हणून स्केटबोर्डची मागणी आता व्यापारी घरांतील मुलेही करू लागली आहेत. तोक्यो ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ साली, या खेळाला स्थान मिळाल्यावर वडीलधाऱ्यांचा विरोधही पुष्कळ मावळला. खरेदीच्या वेळी मात्र फळीवरचे चित्र पाहिले जाते, भावाची घासाघीस होते आणि चाकांकडे कोणाचेच लक्ष जात नाही. एरवी धान्याचा दाणा बोटांत चोळून पाहणारी माणसे इथे रंगाला भुलतात.

चाकाचे महत्त्व या खेळाच्या इतिहासातच दिसते. पूर्वी चाके धातूची वा मातीच्या मिश्रणाची असत. ती गुळगुळीत, जमिनीवर पकड न घेणारी. खडा आला की जागीच अडत. १९७० च्या दशकाच्या आरंभी फ्रँक नॅसवर्दी या अमेरिकी तरुणाने पॉलियुरेथेनची चाके कॅलिफोर्नियात विकायला आणली आणि मरगळलेल्या खेळाला नवा जीव आला. फळी जुनीच होती, बदलले ते चाक.

चाकाचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजतात. पायऱ्या, कठडे, उड्या अशा कसरतींसाठी ५० ते ५४, उतारांच्या वाटीसारख्या मैदानांसाठी ५४ ते ६०, आणि नुसते फिरण्यासाठी ६० च्या वर, असा सर्वसाधारण प्रघात आहे. लहान चाक हलके असते, लवकर वेग घेते आणि फळी जमिनीलगत ठेवते. मोठे चाक सावकाश सुटते, पण घेतलेला वेग टिकवते. हिशेबच मांडायचा तर एक किलोमीटर जाण्यास ५२ मिलिमीटरच्या चाकाला सुमारे ६,१२० फेरे घ्यावे लागतात, ६५ च्या चाकाला सुमारे ४,९००.

फेऱ्यांपेक्षा खड्याचा प्रश्न मोठा. जो खडा मोठे चाक सहज ओलांडते, तोच लहान चाकापुढे भिंत होऊन उभा राहतो. फळी थांबते, मूल थांबत नाही. ते पुढे, बहुधा हातांवर, पडते. मनगटाचे हाड अशा वेळीच दुखावते.

येथे दुसरा आकडा पाहावा लागतो, तो कठीणपणाचा. ९९ए किंवा १०१ए असे लिहिलेले चाक कठीण असते. घोटीव काँक्रीटवर ते सुरेख धावते, हवे तेव्हा घसरवता येते. ७८ए ते ८७ए ही चाके मऊ, धक्के शोषणारी. आपल्या सोसायट्यांच्या आवारात जोड फरशा अन् खडबडीत डांबर. तिथे कठीण लहान चाक म्हणजे दात खिळखिळे करणारा प्रवास. दुकानात मिळणाऱ्या तयार फळ्यांना पुष्कळदा अशीच चाके असतात, हे ध्यानात ठेवावे.

आकाराची बाब त्यामानाने किरकोळ आहे. अरुंद, गोल कडांचे चाक सहज घसरते. रुंद, चौकोनी कडांचे वळणावर पकड धरते. शंकूसारखी उतरती बाजू असलेले चाक कठड्यावरच्या कसरतींना सोयीचे पडते. नवशिक्याला यांतला फरक पहिले काही महिने जाणवणारही नाही.

मोठे चाक घेताना मात्र एक खबरदारी हवी. सामान्य फळीला ५६ मिलिमीटरच्या पुढचे चाक बसवल्यास वळताना ते फळीच्या तळाला घासू शकते आणि चाक एकाएकी जाम होते. त्यासाठी फळी आणि ट्रक, म्हणजे चाकांचा धातूचा सांगाडा, यांच्यामध्ये जाड पट्टी घालतात. फळीच्या एका कडेवर पूर्ण भार देऊन चाक टेकते का, हे दुकानातच पाहून घ्यावे.

दोन्ही प्रकार हवे असतील तर दुसरी फळी घेण्याचे कारण नाही. बेअरिंगचे माप जवळजवळ सर्वत्र एकच, बाहेरून २२ मिलिमीटर. चार मऊ चाकांचा वेगळा संच ठेवला की अर्ध्या इंचाच्या पान्याने घरच्या घरी अदलाबदल होते. नट आवळल्यावर चाक बोटाने फिरवून पाहावे. ते मोकळे फिरले पाहिजे.