धान्याची पेढी

आषाढ-श्रावणात कर्जत तालुक्यातील ठाकर-कातकरी पाड्यांवरील कणग्या रित्या होतात. पूर्वी अशा वेळी सावकाराकडून घेतलेले भात सुगीस दीडपटीने फेडावे लागे. घरात बियाणेही उरत नसे. कशेळे येथील ‘अॅकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स’ या संस्थेने यावर धान्य बँकांचा मार्ग काढला. येथे मुद्दल भाताचे, व्याजही भाताचेच. मात्र ते गावाच्याच कोठारात जमा होऊन पुढील पावसाळ्याचे भांडवल बनते. याच संस्थेने भाताचे पारंपरिक वाण व औषधी वनस्पतीही जतन केल्या.

मुद्दल खाऊन पेढी टिकत नाही, हे व्यापारी जाणतो. बियाणे हे शेतीचे मुद्दल होय. एखादा वाण नाहीसा झाला, तर तो कोणत्याही व्याजाने परत मिळत नाही.