डॉक्टर व्हायचे आहे? मग आधी प्रश्न नीट वाचू या

आपल्या पार्से गावात आणि शेजारच्या मांद्रे, आगरवाडा, तुये भागात दरवर्षी काही मुले-मुली डॉक्टर होण्याचे स्वप्न घेऊन बारावीला बसतात. पूर्वी गोव्यातील वैद्यकीय प्रवेश राज्याच्या जीसीईटीवर होत. आता बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात एमबीबीएसला जायचे तर 'नीट' द्यावी लागते. घरोघरी चर्चा असते ती क्लासची, फीची आणि जीवशास्त्राच्या जाडजूड पुस्तकांची. वाचलेले समजण्याच्या सरावाबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही.

नीटमध्ये त्यासाठी वेगळा विभाग नाही, हे खरे. पण हिशेब पाहा. २०२५ पासून या परीक्षेत १८० प्रश्नांना १८० मिनिटे मिळतात, म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट. बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात, चुकीला १ गुण कापला जातो. उत्तर येत असूनही प्रश्न चुकीचा वाचला, तर फरक पडतो ५ गुणांचा. असे सहा प्रश्न झाले की ३० गुण गेले, आणि तेही अभ्यास झालेला असताना.

परदेशात तर या कौशल्याची वेगळी परीक्षाच घेतात. आपली काही कुटुंबे ब्रिटन, ऑस्ट्रेलियात स्थायिक आहेत. तिथल्या मुलांना यूकॅट द्यावी लागते. तिच्या शाब्दिक तर्काच्या भागात ११ उतारे आणि ४४ प्रश्न असतात, वेळ फक्त २२ मिनिटे. अमेरिकेच्या एमकॅटमध्येही ९ उताऱ्यांवर ५३ प्रश्न असतात, त्याला ९० मिनिटे. दोन्हीकडे नियम एकच : उत्तर उताऱ्यातूनच काढायचे, आपल्या माहितीतून नव्हे.

हे किती अवघड आहे ते घरच्याच उदाहरणावर पाहू. समजा, उतारा असा आहे :

'पेडणे तालुक्याच्या उत्तरेला तेरेखोल आणि दक्षिणेला शापोरा नदी आहे. शापोऱ्यावर शिवोली-चोपडे पूल झाल्यावर पार्से, आगरवाडा, मांद्रे भागातून बार्देशात जाणे सोपे झाले.'

आता तीन विधाने. प्रत्येकाला 'खरे', 'खोटे' किंवा 'सांगता येत नाही' यांपैकी एक उत्तर द्या.

१. शापोरा नदी पेडण्याच्या दक्षिणेला आहे.
२. पुलामुळे बार्देशात जाणे कठीण झाले.
३. पूल होण्यापूर्वी लोक फेरीबोटीने नदी ओलांडत.

पहिले खरे, दुसरे खोटे. तिसऱ्याला आपल्यापैकी बहुतेक जण पटकन 'खरे' म्हणतील, कारण चोपड्याची फेरी अनेकांनी स्वतः पाहिली आहे. पण उताऱ्यात फेरीबोटीचा उल्लेखच नाही. म्हणून उत्तर 'सांगता येत नाही'. आपल्याला जे ठाऊक असते तेच आपण लिहिलेल्यात वाचतो, आणि हुशार मुलांचे गुण नेमके इथेच जातात.

नीटमधल्या 'विधान आणि कारण' प्रश्नांतही हीच मेख असते. उदाहरणार्थ, विधान : फुफ्फुसातील वायुकोशांची भिंत पातळ असते. कारण : रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेते. दोन्ही वाक्ये खरी आहेत. घाईत मुले 'कारण बरोबर आहे' असे ठरवून मोकळी होतात. अशा वेळी दोन्ही वाक्ये 'कारण' या शब्दाने जोडून मनात म्हणून पाहावीत. 'भिंत पातळ असते, कारण हिमोग्लोबिन ऑक्सिजन नेते' हे काही जुळत नाही. म्हणजे दोन्ही खरी, पण दुसरे हे पहिल्याचे कारण नव्हे.

भाषेची अडचण वेगळीच. नीटची प्रश्नपत्रिका १३ भाषांत निघते आणि त्यांत मराठीही आहे. पण मराठी प्रश्नपत्रिका मिळते ती महाराष्ट्रातील केंद्रांवर. गोव्यात प्राथमिक शाळा मराठीतून केलेले मूल हा पेपर बहुधा इंग्रजीतूनच सोडवते. 'नॉट', 'एक्सेप्ट', 'ओन्ली', 'इन्करेक्ट' असा एखादा शब्द नजरेतून निसटला की सगळे उत्तर उलटे होते. म्हणून अशा शब्दाखाली रेघ मारूनच पर्यायांकडे वळायची सवय लावावी.

घरी करता येईल असा सराव साधा आहे. रोज वीस मिनिटे पुरतात.

• एनसीईआरटीच्या जीवशास्त्राचा एक परिच्छेद वाचावा, पुस्तक मिटावे आणि त्यात काय सांगितले ते मराठीत आजीला किंवा आईला सांगावे. ऐकणाऱ्याला जीवशास्त्र येण्याची गरज नाही. 'हे पुस्तकात होते की तुझ्या मनातले?' एवढेच तिने विचारावे.
• मराठी वर्तमानपत्राचा अग्रलेख वाचून लेखकाचे म्हणणे एका वाक्यात लिहावे. दुसऱ्या दिवशी हेच इंग्रजी अग्रलेखावर करावे.
• सराव परीक्षेतील चुकांची वही ठेवावी. प्रत्येक चुकीपुढे 'आले नाही', 'चुकीचे वाचले' किंवा 'घाई केली' यांपैकी एक शेरा लिहावा. महिन्याभरात आपले गुण कुठे जातात ते कळते. 'आले नाही'वर उपाय म्हणजे अभ्यास, बाकी दोन्हींवर उपाय म्हणजे वाचनाचा सराव.
• घड्याळ लावायची घाई नको. सुरुवातीला सावकाश पण अचूक, वेग नंतर. नाटकाच्या तालमीतही आधी संवाद पाठ होतात, मगच हालचाली बसतात.

हा सराव बारावीच्या वर्षात सुरू केला तर उशीर होतो. आठवी-नववीपासून केला तर तो ओझे वाटत नाही, आणि त्याला फीही लागत नाही. पुढे मूल डॉक्टर झाले तर समोरचा रुग्ण काय सांगतो आहे आणि काय आपणच गृहीत धरतो आहोत, हा फरक त्याला रोज करावा लागेल. डॉक्टर नाही झाले, तरी बँकेचा कागद किंवा कोर्टाची नोटीस सही करण्यापूर्वी नीट वाचणारे माणूस घरात असेलच.

तेव्हा पालकांनो, आज रात्री जेवणानंतर वरचा फेरीबोटीचा प्रश्न मुलांना घालून पाहा. उत्तर मात्र लगेच सांगू नका.