लिंक्डइन पोस्टचा स्क्रीनशॉट : स्वच्छ हवाच, पण आधी अख्खा घ्या!

जालना : नोकरीची जाहिरात, कंपनीने केलेले कौतुक, पूर्ण झालेल्या प्रकल्पाची माहिती... लिंक्डइनवरची अशी पोस्ट बायोडेटाला जोडायची किंवा मित्रांच्या ग्रुपवर टाकायची, तर आपण पटकन स्क्रीनशॉट घेतो. पण त्यात वर डोकावणारा ओटीपी, १२ टक्के बॅटरी, मध्येच तुटलेला मजकूर आणि खाली अनोळखी लोकांच्या कमेंटही येतात. हे सगळे काढून टाकणे सोपे आहे. मात्र काढताना पुरावाच पुसला जाऊ नये, याचीही काळजी घ्यायला हवी.

नीटनेटका स्क्रीनशॉट कसा घ्याल?

- फीडमधून थेट फोटो काढू नका. पोस्टवर टॅप करा, म्हणजे ती एकटीच उघडेल. मजकूर अर्धवट दिसत असेल तर 'मोअर'वर टॅप करून पूर्ण उघडा.
- 'डू नॉट डिस्टर्ब' सुरू करा. मेसेज मध्येच टपकणार नाहीत.
- प्रिंट काढायची असेल तर डार्क मोड बंद करा. काळ्या पार्श्वभूमीवर शाई जास्त जाते आणि अक्षरेही नीट उमटत नाहीत.
- बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये पॉवर आणि व्हॉल्यूम कमी करण्याचे बटण, तर फेस आयडी असलेल्या आयफोनमध्ये साइड आणि व्हॉल्यूम वाढवण्याचे बटण एकत्र दाबा. पोस्ट लांब असेल तर अनेक अँड्रॉइड फोनमध्ये स्क्रोलिंग स्क्रीनशॉटचा पर्याय मिळतो.
- व्हॉट्सअॅपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवल्यास तो दाबला जातो आणि बारीक अक्षरे फुटतात.

नाव, नंबर लपवायचा असेल तर?

हायलायटरने रेघोट्या मारू नका. त्याचा रंग अर्धपारदर्शक असतो. ब्राइटनेस वाढवला की खालचे अक्षर दिसू शकते. पूर्ण काळा चौकोन टाका किंवा तो भाग सरळ कापा. २०२३ मध्ये गुगल पिक्सेल फोनच्या एडिटिंग टूलमध्ये त्रुटी सापडली होती. कापलेल्या चित्राचा काही भाग परत मिळवता येत होता. अपडेटने ती दुरुस्त झाली. त्यामुळे फोन अपडेट ठेवा.

हे कापू नका!

पोस्ट बनावट नोकरीची असेल, कोणी पैसे मागत असेल किंवा बदनामी करत असेल, तर 'स्वच्छ' स्क्रीनशॉट उलट अंगावर येऊ शकतो. लिंक्डइन पोस्टवर तारीख नसते. '२ दिवस', '१ आठवडा' एवढेच दिसते. महिन्याभराने त्या चित्रावरून पोस्ट नेमकी कधीची, हे सांगता येत नाही. म्हणून घड्याळासह अख्खा स्क्रीनशॉट घ्या. पोस्ट करणाऱ्याचे प्रोफाइल आणि 'एडिटेड' ही खूण असेल तर तीही येऊ द्या. तीन टिंबांच्या मेन्यूतून पोस्टची लिंक कॉपी करून तारखेसह जपून ठेवा.

जालन्याचाच दाखला

२०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यात उमेदवारी अर्ज मुदतीनंतर दाखल झाला का, यावर वाद झाला. निवडणूक कार्यालयातील व्हिडिओ चित्रण पुरावा म्हणून पुढे आले. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १४ जुलै २०२० च्या निकालात न्यायालयाने स्पष्ट केले, की मूळ यंत्र हजर केले तर वेगळे प्रमाणपत्र लागत नाही. इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत द्यायची असेल, तर कायद्यातील प्रमाणपत्र बंधनकारक आहे. तेव्हा ही तरतूद पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ती कलम ६३ मध्ये आहे.

तुमच्यासाठी याचा अर्थ एवढाच : ज्या फोनवर स्क्रीनशॉट घेतला तो फोन आणि त्यातली मूळ फाइल जपा. फोन विकण्यापूर्वी, रीसेट करण्यापूर्वी दहादा विचार करा. प्रिंट किंवा फॉरवर्ड केलेले चित्र म्हणजे फक्त प्रत.

फसवणूक झाली असेल तर?

पैसे गेले असतील तर वेळ न दवडता १९३० वर फोन करा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. तिथे कापलेला नाही, अख्खा स्क्रीनशॉट जोडा.

थोडक्यात, दोन फाइल ठेवा. पहिली अख्खी, तिला हात लावू नका. दुसरी तिची कॉपी. कापाकापी, झाकाझाकी हवी तेवढी त्या कॉपीवर करा.