थेंबाचा हिशेब

मिक्सर म्हटले की डोळ्यांपुढे येतो तो चटणी वाटणारा, घरघर करणारा. आता मात्र पुष्कळ स्वयंपाकघरांत दोन मिक्सर नांदतात. दुसरा सिंकवर असतो. गरम आणि गार पाणी तो मुकाट्याने एकत्र करतो. त्याचा आवाज ऐकू येतो तो रात्री, निजानीज झाल्यावर. टप... टप... टप.

गिरगावातल्या फणसवाडीसारख्या वाड्यांत चाळींचे दिवस ज्यांनी काढले, त्यांना हा आवाज दुर्लक्ष करण्याजोगा कधीच वाटला नाही. मोरीत पितळी नळ, खाली घासून लख्ख केलेली कळशी आणि पाणी ठरावीक वेळेलाच. खालच्या मजल्यावरचा नळ वाहत राहिला तर वरच्या बिऱ्हाडाची धार बारीक व्हायची आणि जिन्यातच त्याची चौकशी व्हायची. नळ गळणे ही तेव्हा साऱ्या चाळीची बाब होती.

आता वाड्यांतून टॉवर उभे राहत आहेत. गच्चीवर टाकी आली, नळ उघडला की पाणी येते. गळणारा थेंब सिंकच्या जाळीतून निघून जातो आणि शेजारच्याची कळशी रिकामी राहत नाही. म्हणून तो महिनोन्‌महिने गळू शकतो.

खरे तर या भागाची नावेसुद्धा पाण्याचीच. सी. पी. टँक, धोबी तलाव, गोवालिया टँक. तलाव बुजले, नावे राहिली. त्यांची जागा दूरच्या पाण्याने घेतली. 1860 साली विहार, 1879 साली तुळशी, 1892 साली तानसा, पुढे वैतरणा आणि भातसा, आणि 2014 साली मध्य वैतरणा. तानसाचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून आपल्या ओट्यापर्यंत येते. तानसा आणि भातसा ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तिथल्या अनेक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. आपला थेंब वाया जातो तो इतक्या लांबून आलेला असतो.

एका थेंबाने काय होते, असे वाटत असेल तर नळाखाली पेला ठेवून पाहा. तासाभरात 100 मिलिलिटर जमले, तर दिवसाचे 2.4 लिटर आणि वर्षाचे 876 लिटर झाले. म्हणजे पंधरा लिटरच्या जवळजवळ 58 बादल्या!

हा हिशेब एका लेखकाने फार मनावर घेतला. ‘बहादूर’ आणि ‘ढब्बूजी’ या चित्रकथांचे जनक आबिद सुरती यांचे बालपण डोंगरीत, पाण्याच्या रांगा पाहत गेले. 2007 साली त्यांनी पुरस्काराच्या रकमेतून मीरा रोडला एक काम सुरू केले. दर रविवारी एक प्लंबर आणि एक स्वयंसेवक बरोबर घेऊन दारोदार जायचे आणि गळके नळ फुकट दुरुस्त करून द्यायचे. पहिल्याच वर्षी 1,666 घरे पाहून झाली आणि 414 नळ दुरुस्त झाले. इतक्या किरकोळ कामाला प्लंबर सहसा येत नाही, ही अडचण त्यांनी नेमकी ओळखली होती.

त्या अडचणीवर दुसरा उपाय म्हणजे पाना आपणच हाती घेणे. काम अवघड नाही, फक्त क्रम चुकवू नये.

आधी नळ खरोखर गळतो का, ते पाहावे. बंद केल्यावर लांब तोटीत उरलेले पाणी थोडा वेळ ठिबकते. ती गळती नव्हे. तोटीच्या मुळाशी, मानेतून पाणी झिरपत असेल तर तिथली रबरी ओ-रिंग गेलेली असते. तोटीच्या टोकातून सतत थेंब पडत असेल तर दोष आतल्या भागात असतो.

गीझरचे बटण बंद करावे. सिंकखाली गरम आणि गार पाण्याचे दोन अँगल कॉक असतात. मिक्सरला दोन चाव्या असतील तर आधी एकच कॉक बंद करावा. थेंब थांबला, तर दोष त्याच बाजूला. मग दोन्ही कॉक बंद करून नळ उघडावा आणि उरलेले पाणी जाऊ द्यावे. कॉक गंजून घट्ट बसला असेल तर त्याच्याशी झटापट करू नये. तिथे प्लंबरच बोलवावा.

सिंकच्या जाळीवर फडके पसरावे, नाहीतर बारीकसा स्क्रू पाण्याच्या वाटेने जायचा. चावीवरची टोपी काढली की आत स्क्रू दिसतो. एकदांडी मिक्सरला तो बहुधा ॲलन कीचा असतो. चावी निघाली की पान्याच्या जबड्याला कापड गुंडाळून आतला भाग सोडवावा, म्हणजे चकाकीला ओरखडा पडत नाही.

जुन्या पद्धतीच्या नळात स्पिंडलच्या टोकाला रबरी वॉशर असतो. दाबून दाबून त्यावर खाच पडते. नव्या नळात सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींवर सरकतात. त्यांत टाकीतला वाळूचा कण अडकला तरी पाणी झिरपते. कधी नुसते धुऊन भागते. चकती चिरली असेल तर पूर्ण कार्ट्रिज बदलावे. नवा भाग आणायला जाताना जुना खिशात घालूनच न्यावा. आकारांत इतके प्रकार आहेत की तोंडी वर्णनाने दुकानदाराचाही नाइलाज होतो.

सगळे जागेवर बसवून कॉक हळूहळू उघडावेत, पाच मिनिटे थांबावे आणि सांध्यांवरून कोरडा कागद फिरवावा. कागद कोरडा राहिला की काम झाले. पुढे एवढेच पाळावे, की नळ बंद करताना जोर लावू नये. थेंब पडतो म्हणून आपण चावी अधिक पिळतो आणि त्यानेच वॉशर लवकर जातो.

हे काम करताना मुलांना शेजारी उभे करावे. मुलीच्या हाती पाना द्यावा, मुलाला फडके पिळायला सांगावे. चाळीत पाण्याची किंमत कोणी वेगळी शिकवत नसे. पहाटे उठून कळशी भरली की ती आपोआप कळायची. टाकीच्या पाण्यावर वाढणाऱ्या मुलांना ती कोणीतरी दाखवून द्यायला हवी. रविवारी घरात सगळे असतात. आधी तो पेला नळाखाली ठेवून पाहा.